काखेत कळसा, इस्तंबूलला वळसा

शुक्रवारी दुपारी बारा वाजता, इस्तंबूलला, बॉस्फरसच्या पुलाखाली. एवढ्याशा पत्त्यावर एक माणूस हॅम्बुर्गहून निघतो.

‘इम यूली’ हा जर्मन चित्रपट मी २००४ साली पुण्यात, जर्मनच्या वर्गात पाहिला. बाईंनी तो ऐकण्याचा सराव म्हणून लावला होता. निम्मे संवाद डोक्यावरून गेले, पण वर्ग सुटल्यावर डेक्कनपर्यंत चालत जाताना आम्ही मैत्रिणी दुसरं काही बोललोच नाही. तेव्हापासून तो पत्ता माझ्या मनात घर करून होता. २०२५च्या जुलैत, एकवीस वर्षांनी, आम्ही नवरा-बायको त्या पत्त्यावर पोहोचलो. विमानाने नाही. हॅम्बुर्गपासून रुळांवरून, सहा दिवसांत.

आधी चित्रपटाबद्दल सांगते, कारण तो फारच कमी लोकांनी पाहिलाय. फतिह अकिन हा दिग्दर्शक हॅम्बुर्गमध्ये, तुर्की आईबापांच्या पोटी जन्मला. २००४मध्ये त्याच्या ‘गेगेन दी वांड’ला बर्लिनच्या महोत्सवात सोनेरी अस्वल हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि जगभर त्याचं नाव झालं. त्याच्या चार वर्षं आधी, हॅम्बुर्गच्याच ‘व्युस्टे फिल्म’ या छोट्या स्वतंत्र संस्थेसाठी त्याने हा हलकाफुलका, उन्हाने भरलेला सिनेमा केला होता. त्याच्या गंभीर चित्रपटांवर लेख आले, चर्चा झाल्या. हा मात्र मागच्या बाकावर बसलेल्या हसऱ्या मुलासारखा राहून गेला, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

गोष्ट अशी. डॅनियल हा पदार्थविज्ञानाचा शिकाऊ शिक्षक. सरळमार्गी, आखीव, वर्गातली पोरंही ज्याला आवरत नाहीत असा. रस्त्यावर दागिने विकणारी, केसांच्या जटा राखलेली यूली त्याच्यावर जीव टाकून असते. ती त्याला सूर्याची अंगठी विकते आणि सांगते, सूर्य अंगावर घेऊन येईल तीच तुझी. संध्याकाळी आपणच सूर्य घालून त्याच्यासमोर जायचं, हा तिचा बेत. पण त्याआधीच सूर्याचं चित्र असलेला टी-शर्ट घातलेली मेलेक त्याला भेटते. ती इस्तंबूलला निघालेली, आणि डॅनियल तिच्यामागे. इकडे मन मोडलेली यूली महामार्गावर उभी राहते आणि ठरवते, की पहिली थांबेल त्या गाडीतून, ती नेईल तिथे जायचं. पहिली थांबते ती डॅनियलची गाडी.

म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. फक्त इथे वळसा जर्मनी, हंगेरी, रुमानिया, बल्गेरिया आणि तुर्कस्तानाला आहे, आणि कळसा शेजारच्या सीटवर बसून नकाशा बघतोय. (जर्मनमध्ये जुलै महिन्यालाही ‘यूली’च म्हणतात. नावात चित्रपटाने सगळं सांगून टाकलंय, पण ते डॅनियल सोडून सगळ्यांना कळतं.)

माझी भाची हॅम्बुर्गला शिकते. तिच्याकडे चार दिवस राहिलो तेव्हा निघायच्या आदल्या रात्री हा चित्रपट मी नवऱ्याला दाखवला. भाची म्हणाली, “मावशी, मी दोन वर्षं इथे राहते, मला कुणी सांगितलं नाही याच्याबद्दल.” नवऱ्याने सगळा सिनेमा गप्प बसून पाहिला. संपल्यावर तो एवढंच म्हणाला, “ते वाक्य मला शिकव.”

ते वाक्य म्हणजे या चित्रपटाचा प्राण. वाटेत यूली डॅनियलला शिकवते, की मेलेक समोर आली की काय बोलायचं. हजारो मैल चाललो, नद्या ओलांडल्या, डोंगर हलवले, सूर्याच्या मागे मागे आलो, ते फक्त तुला सांगायला, अशा अर्थाचं ते लांबलचक वाक्य आहे. दुसरीला म्हणायचे शब्द ती आपल्याच तोंडाने त्याच्याकडून घोटून घेते. त्या प्रसंगात यूली झालेल्या क्रिस्टियाने पाऊलच्या चेहऱ्यावर जे येतं आणि लगेच लपतं, त्यासाठी मी हा चित्रपट कितीही वेळा बघू शकते. डॅनियल झालेला मोरित्झ ब्लाइबट्रॉयही छान आहे. त्याचा इस्त्रीचा माणूस हळूहळू चुरगळत जातो, आणि प्रत्येक सुरकुतीबरोबर जास्त आवडायला लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॅम्बुर्गहून थेट बुडापेस्टची गाडी पकडली. बर्लिन, ड्रेस्डेन, प्राग असा सगळा दिवस बसून प्रवास. चित्रपटातली वाट खालून, बव्हेरियातून जाते आणि पुढे ती दोघं डॅन्यूबवरच्या मालवाहू बोटीत चोरून चढतात. ते आपल्याला जमणारं नव्हतं. पण ड्रेस्डेननंतर रूळ एल्बे नदीला चिकटून दरीतून जातात, तिथे नवऱ्याने वही काढली आणि देवनागरीत ते वाक्य लिहून घेतलं. “इश बिन टाउझेंडे फॉन माइलन,” असं पुटपुटत तो खिडकीबाहेर बघत होता. समोरची झेक आजी कौतुकाने ऐकत होती.

बुडापेस्टला दोन दिवस. चित्रपटात इथे लुना नावाची बाई डॅनियलला व्हॅनमधून लिफ्ट देते, पेयातून गुंगीचं औषध पाजते आणि लुबाडून टाकते. पैसे गेले, पासपोर्ट गेला. आपण भारतीय पासपोर्टवाले हा प्रसंग हसत बघूच शकत नाही. मी तरी नाही. व्हिसासाठी बँकेचे सहा महिन्यांचे कागद, पगाराच्या पावत्या, हॉटेलची बुकिंगं असा गठ्ठा जमवलेला माणूस पडद्यावर पासपोर्ट हरवलेला पाहिला की पोटात गोळा येतो.

आणि म्हणूनच या चित्रपटात मला सीमा सगळ्यात जास्त भावतात. हंगेरी आणि रुमानियाच्या सीमेवर डॅनियल बिनपासपोर्टचा अडकतो. अडवणारा पोलीस खुद्द फतिह अकिन आहे, त्याने ही भूमिका स्वतः केलीय. तिथून सुटायला डॅनियल आणि यूलीचं तिथल्या तिथे, फाटकापाशी लग्न लावलं जातं. लग्न खोटं, पण नवरीचा चेहरा खोटा नाही.

आमची बुडापेस्ट-बुखारेस्ट गाडी त्या सीमेवर पोहोचली तेव्हा मी पासपोर्ट हातात घेऊन, पाठ ताठ करून बसले होते. तिसा नदी मागे गेली होती, बाहेर सपाट काळोख. हंगेरीचं शेवटचं स्टेशन आलं, गाडी थांबली, हलली. मग कुर्तिच आलं, म्हणजे रुमानिया. कुणी आलंच नाही. १ जानेवारी २०२५पासून रुमानिया आणि बल्गेरिया जमिनीवरूनही पूर्णपणे शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी नसलेल्या देशांच्या गटात, आलेत. त्या सीमेवर आमच्यासाठी बदललं ते फक्त घड्याळ, एक तास पुढे. मी पासपोर्ट परत कंबरेच्या पाकिटात ठेवला. नवरा म्हणाला, “आता लग्न कशाच्या जोरावर लावणार?”

रुमानिया चित्रपटात स्थिर छायाचित्रांच्या मालिकेतून सरकतो. आमचाही तसाच सरकला. पहाटेचं धुकं, मोटारींच्या रांगेतली एक घोडागाडी, बुखारेस्टच्या स्टेशनावर तीळ लावलेल्या गरम कोव्हरिगीचा, म्हणजे वेटोळ्या पावाचा, वास. एक रात्र मुक्काम करून पुढे निघालो.

जुर्जू आणि रुसे या दोन गावांमध्ये डॅन्यूब वाहते. अलीकडे रुमानिया, पलीकडे बल्गेरिया. १९५४ साली बांधलेला हा पूल सव्वादोन किलोमीटर लांब आहे. वर मोटारी, खाली रेल्वे. गाडी इतकी हळू जाते, की लोखंडी पट्ट्यांच्या मधून नदी तुकड्यातुकड्यांनी दिसत राहते. तपकिरी-हिरवं पाणी, मधे एक रेतीवाहू बोट. मी नवऱ्याला कोपर मारलं. “बघ, यांची बोट.” तो वहीत डोकं घालून ‘नद्या ओलांडल्या’ हा तुकडा पाठ करत होता आणि नदी ओलांडायची राहून जात होती!

रुसे सोडलं आणि मग सूर्यफुलं सुरू झाली.

सूर्याच्या मागे निघालेल्या माणसाची गोष्ट मनात घेऊन जुलैत बल्गेरियातून जाणाऱ्याला याहून काय हवं? मैलोन्‌मैल शेतं, टेकडीच्या उतारावरून वर चढत जाणारी, अगदी रुळाच्या खडीपर्यंत आलेली. गाडी एका आडस्टेशनावर बराच वेळ थांबली होती तेव्हा खिडकीपासून तीन हातांवर एक फूल होतं. ताटलीएवढं. मधला भाग अजून अर्धा कच्चा, कडेची इवली फुलं उमललेली, आतली हिरवी मिटलेली, आणि त्या सीमारेषेवर एक मधमाशी गोलगोल फिरत होती. पाठच्या बाजूला देठ मानेसारखा वाकलेला. दुपारचे तीन वाजले होते, ऊन पश्चिमेला कललं होतं, आणि फुलाचं तोंड होतं पूर्वेकडे. माझे आजोबा सोलापूरकडे सूर्यफूल लावायचे, ते सांगायचे, की कोवळं रोप दिवसभर सूर्याबरोबर मान फिरवतं, पण पूर्ण उमललं की फिरायचं थांबतं आणि कायमचं उगवतीकडे बघत राहतं. सगळं शेत आमच्या एकूण प्रवासासारखंच पूर्वेकडे तोंड करून उभं होतं.

चित्रपटाची सुरुवात याच देशात होते. ओसाड रस्ता, सूर्याला ग्रहण लागलेलं, आणि ईसा नावाचा तुर्की तरुण गाडीची डिकी उघडतो, तर आत प्रेत. तिथे डॅनियल त्याला भेटतो आणि आपली सगळी कहाणी सांगतो. चित्रपटाच्या आदल्याच वर्षी, ११ ऑगस्ट १९९९ला, या भागावरून खरोखरच खग्रास ग्रहण गेलं होतं. रुमानिया, बल्गेरिया, तुर्कस्तान करत तीच सावली पुढे कच्छमार्गे आपल्या देशातही आली होती.

सोफियाहून गुरुवारी संध्याकाळी इस्तंबूलची रात्रीची गाडी. दोघांपुरता डबा, बेसिन, चिमुकला फ्रीज. मारित्सा नदीच्या कडेने गाडी जात राहिली. मध्यरात्र उलटल्यावर बल्गेरियाचा शिक्का, आणि मग कापिकुले, तुर्कस्तानच्या सीमेवरचं स्टेशन. इथे सगळ्यांना उतरवतात. झोपेतून उठलेले पन्नास-साठ लोक, पासपोर्ट हातात, ट्यूबलाइटखाली एका खिडकीपुढे रांगेत. आमच्याकडे शेंगेन व्हिसा होता, त्यामुळे तुर्कस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या काढला होता. पण तो होता माझ्या फोनमध्ये. छापील प्रत घ्यायची राहून गेली होती, आणि खिडकीपर्यंत पोहोचता पोहोचता फोन बंद पडला.

माझे हात थंड पडले. मागे उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोरीने न विचारता खिशातून पॉवर बँक काढली आणि वायर माझ्या फोनला लावली. फोन सुरू व्हायला लागलेला तो दीड मिनिट मी जन्मात विसरणार नाही. ती वायर हातात धरून माझ्याबरोबर एकेक पाऊल पुढे सरकत होती, दोघी एकाच दोरीला बांधल्यासारख्या. खिडकीतल्या अधिकाऱ्याने आमच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि ठप्प. शिक्का. मी तिला “तेशेक्कुर” म्हटलं. एवढंच येत होतं. तिने माझा दंड थोपटला. सामान तपासून गाडी पुन्हा हलली तोवर उजाडायला लागलं होतं.

इस्तंबूलच्या कडेला हलकालीला उतरलो, मार्माराय या लोकलने शहरात सिर्केजीला आलो, सामान हॉटेलवर टाकलं, ट्रॅम आणि बस करून साडेअकराला पुलाजवळच्या ऑर्ताकॉय भागात.

पत्ता खरा आहे. पाण्याच्या अगदी काठावर एकोणिसाव्या शतकातली ऑर्ताकॉयची मशीद, आणि तिच्या मागून, जणू खांद्यावरून, १९७३चा तो झुलता पूल थेट आशियाकडे जातो. पंधराशे साठ मीटर. २०१६पासून त्याचं अधिकृत नाव ‘१५ जुलै शहीद पूल’ आहे. पुन्हा जुलैच. वरून गाड्यांचा एकसुरी घुमारा, खाली गलबलाट, बटाटे भाजून त्यात लोणी-चीज घोटणारे कुंपिरवाले, फेरीबोटींचे भोंगे, कबुतरं. जुम्याची नमाज एक वाजून गेल्यावर होती, तरी माणसं जमायला लागली होती.

नवरा चहा आणायला म्हणून गेला. मी काठावरच्या बाकावर एकटी बसले आणि त्या क्षणी मला यूलीचं धाडस कळलं. ती इथे येऊन थांबते. तो येईल का, आणि आला तर कुणासाठी, हे तिला माहीत नसतं.

बारा वाजून चार मिनिटांनी तो आला. दोन्ही हातांत कमरेशी निमुळते झालेले चहाचे पेले, बशा लडखडत होत्या. समोर उभा राहिला, घसा साफ केला आणि सुरुवात केली. हजारो मैल बरोबर आले. नद्यांपाशी अडला. वही हॉटेलवर राहिली होती. तो थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिला, आणि मग मराठीत म्हणाला, “एल्बे. तिसा. डॅन्यूब. मारित्सा.”

“अरे, चहा सांडतोय,” मी म्हटलं, आणि एक पेला त्याच्या हातातून घेतला.