आयर्न बट रॅलीतून आवाज पाठवताना

अमेरिकेतल्या आयर्न बट या मोटरसायकल रॅलीत ११ दिवसांत सुमारे ११,००० मैल कापायचे असतात. वाटेतून घरच्यांना आवाजी निरोप पाठवायचा, तर चालत्या गाडीवर रेकॉर्डिंग नकोच. लक्ष विचलित होतं, वाऱ्यात शब्दही बुडतात. पेट्रोल भरून झालं की गाडी पंपापासून बाजूला घ्या, इंजिन बंद करा, हेल्मेट काढा. कॉलर माइकला स्पंजची टोपी हवीच. माइक तोंडाखाली वीतभर, किंचित बाजूला लावा. अगदी समोर धरला की ‘प’, ‘फ’ फुटतात. आधी ठिकाण, वेळ, ओडोमीटरचा आकडा सांगा. थकव्यानं आवाज जड झाला असेल, तर तो घरच्यांना लगेच कळतो, म्हणून तो लपवायला पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करू नका. मोनो (एकाच चॅनलचा आवाज), ६४ केबीपीएसला (सेकंदाला ६४ किलोबिट) मिनिटाची फाइल जेमतेम अर्धा एमबी होते. रेंज नसेल तर खोळंबू नका, पुढच्या थांब्यावर पाठवा.