रकाना नाही म्हणून अडलेला अर्ज : माझा अनुभव

मुलगी तिसरीत असताना पुण्यात तिची बुद्धिमापन चाचणी करून घेतली. चाचणी, मुलाखत, अहवाल, सगळं सुरळीत झालं. लिहायचं आहे ते त्यानंतरचं.

बुद्ध्यंक १३० च्या वर आला. सरासरी १०० असते आणि शंभरातली दोनेक मुलंच तिथवर पोचतात. पण मला खरे उपयोगी पडले ते घटकवार गुण. शब्दज्ञान आणि तर्क वयाच्या खूप पुढे, लिहिण्याचा वेग मात्र वयाइतकाच. वह्यांवर ‘निष्काळजी’, ‘अपूर्ण’ असे शेरे का येत होते, ते तिथे कळलं. म्हणून चाचणी करणाऱ्यांकडे घटकवार तक्ता आणि लेखी शिफारशी मागून घ्या.

शाळेत अहवाल दिला, वर्गात तिला तिच्या कुवतीचं काम द्या अशी विनंती केली आणि सगळं तिथेच अडलं. कार्यालयात उत्तर मिळालं, “यासाठी आमच्याकडे रकाना नाही.” अध्ययन अक्षमतेसाठी अर्ज होता, दिव्यांगत्वासाठी होता, प्रतिभावान मुलांसाठी नव्हता. मुख्याध्यापकांची वेळ मिळेना. मिळाली तेव्हा म्हणाले, “हुशार आहे ना, मग अडचण काय? उद्या सगळेच पालक मागतील.” वर्ग ओलांडून पुढे पाठवा, असं मी म्हणतही नव्हते. सहामाही उलटली तरी “समितीपुढे ठेवलंय” हेच ऐकत होते. इकडे आठ वर्षांची पोर रोज सकाळी पोटात दुखतंय म्हणून रडायची, कारण जे येतंय तेच तिला पुन्हा पुन्हा लिहावं लागत होतं. त्या समितीचा मला आजही राग येतो.

मुळात शाळा यू-डायस प्लसवर, म्हणजे शाळांची आणि विद्यार्थ्यांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर, जी माहिती भरते, तिच्यात मूल प्रतिभावान म्हणून ओळखलं गेलंय का, हा प्रश्न आहेच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही अशा मुलांना शिक्षकांनी पूरक साहित्य आणि मार्गदर्शन द्यावं, असं म्हटलंय. दोन्हींच्या प्रती अर्जाला जोडल्या आणि आवक क्रमांकासह पोच घेतली. तोंडी बोलण्याची नोंद कुठेच राहत नाही, पोच पहिल्याच दिवशी घ्या. ज्ञान प्रबोधिनीने याच शहरात १९६९ मध्ये अशा मुलांसाठी प्रशाला काढली, पण तिथला प्रवेश पाचवीचा. तिसरी-चौथीच्या मुलाने तोवर वर्गात नुसतं बसून राहायचं का?

मार्ग काढला गणिताच्या बाईंनी. त्यांनी सरळ विचारलं, “मी नेमकं काय करू?” मी म्हटलं, स्वाध्यायातली सगळ्यांत अवघड पाच गणितं तिला आधी द्या. ती बरोबर आली तर बाकीची माफ करा आणि वाचलेल्या वेळात वेगळं कोडं द्या. येणारा भाग आधी तपासून वाचलेला वेळ नव्या कामाला द्यायचा, ही कल्पना जोसेफ रेन्झुली या अमेरिकन अभ्यासकांच्या मांडणीतली. बाईंनी दुसऱ्याच दिवशी सुरुवात केली. पोटदुखी थांबली. एका शिक्षिकेने जे एका दिवसात केलं, ते समितीला तेवढ्या महिन्यांत जमलं नव्हतं.

वाचलेल्या वेळात तिला इतर मुलांना शिकवायला बसवू नका, त्याच प्रकारची जास्तीची गणितंही देऊ नका, हे अर्जात स्पष्ट लिहा. चाचणीआधी मुलाकडून नमुना प्रश्न सोडवून घेऊ नका, आकडा फसवा येतो. आणि अहवालाची मूळ प्रत शाळेत देऊ नका, झेरॉक्सच द्या.