वाचतात तरी किती?

पर्वती उतरून आलं की आमचा पाच-सहा बायकांचा घोळका पायथ्याशी चहाला थांबतो. त्यात कुणी नवी आली की एक प्रश्न ठरलेला असतो. "तुमच्याकडे म्हणे काहीच टाकत नाहीत. पण खरं सांगा, एवढं जपून पैसे वाचतात तरी किती?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बँकेच्या काउंटरवर ३१ वर्षं काढली, त्यामुळे याचीही वही आहे माझ्याकडे.

पहिली नोंद दुधाच्या पिशव्यांची. आमच्याकडे रोज अर्ध्या लिटरच्या दोन येतात. कोपरा कापताना तुकडा सुटा करायचा नाही, लटकताच ठेवायचा. सुटा झालेला तो नखाएवढा त्रिकोण कुणी वेचत बसत नाही, तो गटारात जातो. मग पिशवीत थोडं पाणी घालून खळबळायचं, ते पाणी चहाच्या आधणात, आणि पिशवी उलटी करून सिंकवरच्या टाइल्सवर चापून बसवायची. दुपारी वाळली की आपसूक गळून पडते. वर्षभर हे इमानेइतबारे केलं. सातशेच्या वर पिशव्या झाल्या, रद्दीवाल्याच्या काट्यावर भरल्या जेमतेम दोन किलो. हातात आले ४० रुपये. यजमान म्हणाले, "एफडी करून टाक."

तेव्हापासून त्या मी विकत नाही, कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना देते. पुण्यातल्या कचरावेचकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली आणि त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था झाली. घरोघरी मिळणाऱ्या महिन्याच्या पैशांखेरीज सुका माल विकून जे येतं ते कचरा गोळा करणाऱ्यांचंच. दूध नासून चिकट झालेली पिशवी त्यांना हातात धरवत नाही, कोरडी पिशवी सरळ पोत्यात जाते. वहीत या ओळीपुढे आता शून्य असतं, असू दे.

खरी बचत दिसते ती फडक्यांच्या ओळीत. पेपर नॅपकिनचा रोल आमच्या घरात येतच नाही. जुने बनियन, विरलेल्या सुती साड्या, फाटलेल्या चादरी यांचे चौकोन कापून डब्यात भरलेले असतात. पोळ्यांच्या डब्यात एक, ओट्यावर दोन, धुवून पुन्हा तेच. एक धडा मात्र अनुभवाने आला. टेरिकॉटचं फडकं पाणी पीत नाही, नुसतं इकडून तिकडे ढकलतं. कापड सुतीच हवं. साडी चांगली मऊ झालेली असेल तर तिचं फडकंही करू नका, गोधडीसाठी ठेवा. चार साड्यांचे थर, वर धावदोरा. माझ्या आईच्या एका गोधडीत तिची तीस वर्षांची कपडेखरेदी शिवलेली आहे.

लेक वाघोलीला राहते. तिथे टँकरचं आणि बोअरचं क्षाराचं पाणी, त्यामुळे आरओ लागतोच. एक लिटर पाणी प्यायला मिळालं की दोन-तीन लिटर तो नळीतून सोडून देतो. चौघांच्या घरात रोज दोन बादल्या सहज. पूर्वी ते सिंकमध्ये जायचं. आता नळी बादलीत सोडलीय. लादी पुसणं, संडासात ओतणं, बाल्कनी धुणं त्यावर भागतं. झाडांना घालत नाही. त्यात क्षार साठलेले असतात, रोज घातलं तर पानांची टोकं करपतात. तिच्या आधी मोगऱ्याला ते कळलं. माझ्याकडे आरओ नाहीच. खडकवासल्याहून येणारं पालिकेचं पाणी मुळात कमी क्षाराचं, त्याला साधा फिल्टर पुरतो. हीसुद्धा बचतच की, न घेतलेल्या वस्तूची.

आता अपयशाची ओळ. लोणची-जॅमच्या काचेच्या बरण्या. "उपयोगी पडतील" म्हणून माळ्यावर ठेवल्या, दिवाळीत मोजल्या तर ६२. उपयोगी पडल्या होत्या नऊ. एकदा तर त्या बरण्यांना शोभून दिसावीत म्हणून मी तुळशीबागेतून लेबलं आणि सुतळी विकत आणली होती. तेव्हापासून नियम केला, दुकानातली एखादी खरेदी टळली तरच वहीत बचत लिहायची.

या नियमात बसतं ते सालींचं क्लीनर. लिंबू-मोसंबीच्या साली ३०० ग्रॅम, गूळ १०० ग्रॅम, पाणी एक लिटर. कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरायचं, काचेच्या नको, आत वायू धरतो. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून तो सोडायचा. मी दोन दिवस लग्नाला गेले आणि विसरले. परत आले तर झाकण फ्रिजमागे आणि छतावर मोसंबीची साल. ती अजून आहे, शिडी कोण लावतंय! तीन महिन्यांनी गाळलं की लादीला, ओट्याला, बेसिनला छान. फक्त ब्लीचबरोबर कधी मिसळायचं नाही.

गाळलेलं पाणी मी कोकम सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ओट्यावर ठेवलं. मे महिना होता. साताऱ्याहून भाचेजावई आले, मी पूजेला बसले होते. गरीब स्वभावाचा माणूस, म्हणाला, "मामी, उठू नका, मी घेतो." पेल्यात ओतून, पाणी घालून, बर्फ टाकून त्यांनी एक घोट घेतला. जरा वेळ शांतता. मग हॉलमधून आवाज आला, "मामी, सरबत थोडं आंबलंय का?"

काही झालं नाही त्यांना, चूळ भरली, वर माझीच समजूत काढली. फिनेल असतं तर? तेव्हापासून खाण्यापिण्याच्या बाटलीत सफाईचं काहीही भरणं बंद. यजमानांनी मात्र संधी साधली. क्लीनरच्या नव्या बाटलीवर त्यांनी सुवाच्य अक्षरात पाटी चिकटवली आहे. "हे सरबत नाही. आंबलेले आहे का, हे विचारू नये. पाहुण्यांनी आपले सरबत मागून घ्यावे."

वहीतला गेल्या वर्षीचा आकडा ४,३०० रुपये आहे.