काका, स्क्रीनवर नेमकं काय लिहिलंय?

मागच्या महिन्यात कराडच्या काकांचा फोन आला, सकाळी साडेसातला. "अरे, कम्प्युटर मेला." आता काकांच्या भाषेत कम्प्युटर मरणं म्हणजे काहीही असू शकतं, मागच्या वेळी मेला होता तेव्हा नम लॉक बंद पडलं होतं आणि त्यांचा पासवर्ड सगळा आकड्यांचा. त्यामुळे मी काही घाबरलो नाही, आधी चहा ओतून घेतला आणि विचारलं, काका मेला म्हणजे काय, चालू होतोय का? होतोय म्हणे. विंडोज येतंय? येतंय. मग मेलंय काय? "इंटरनेट. बँक उघडत नाही, लाईट बिल भरता येत नाही, पेपर पण नाही. इथला एक पोरगा बोलावला होता, तो म्हणला व्हायरस आहे, फॉरमॅट मारायला लागेल, आठशे रुपये."

हा फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकणं, आपल्याकडचा रामबाण. दात दुखतोय तर कवटीच बदलून टाकू.

मी म्हणलं आठशे द्यायच्या आधी एक सांगा, मोबाईलवर तेच वायफाय चालतंय का? चालतंय, व्हॉट्सअॅप सुरू आहे. म्हणजे राउटर ठीक, लाईन ठीक. मग बँकेचं पान उघडायला गेलं की काय येतं? "काहीतरी इंग्रजीत येतं." काय येतं पण? "अरे ते नेहमीचंच, एरर." काका, वाचा ना. मग चष्मा शोधण्यात तीन मिनिटं गेली, काकूंनी तो फ्रिजवरून काढून दिला, आणि काकांनी एकेक शब्द लावत वाचलं: "युवर... क्लॉक... इज... बिहाइंड."

म्हणजे बघा, ब्राउझरनं बिचाऱ्यानं सरळ लिहून ठेवलं होतं की बाबा तुमचं घड्याळ मागे पडलंय. काकांनी वाचलं नाही, फॉरमॅटवाल्या पोरानं पण वाचलं नाही. खाली उजव्या कोपऱ्यात तारीख बघा म्हणलं तर १ जानेवारी २०१३!

ज्यांना प्रश्न पडला असेल की तारखेचा आणि इंटरनेटचा काय संबंध, त्यांच्यासाठी. कुठलीही सुरक्षित साइट उघडली की ती आधी आपलं सर्टिफिकेट दाखवते, म्हणजे ओळखपत्रच म्हणा, आणि त्याच्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध असं लिहिलेलं असतं. तुमचा कम्प्युटर २०१३ मध्ये बसलाय आणि बँक त्याला ह्या वर्षीचं कार्ड दाखवते, तर त्याच्या हिशोबानं हे कार्ड अजून छापलंच गेलेलं नाही, म्हणून तो दारच उघडत नाही. व्हायरस नाही, काही नाही.

तारीख हातानं नीट केली, सगळं धडाधड उघडायला लागलं, काका खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात. "अरे, परत मेला."

मला माहीतच होतं. रात्री भिंतीवरचं बटण बंद करता ना? हो, लाईट बिल कोण भरणार. तर मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, एक छोटा सेल असतो, चपटा, नाण्यासारखा, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. नावातच माप आहे, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. वीज पूर्ण बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं काम तो करतो. बटण चालू असलं की सेलवर भार येत नाही, त्यामुळे रोज बटण बंद करणाऱ्यांचा सेल लवकर दमतो. आणि तारीख इतकी वर्षानुवर्षं मागे गेली की नेट असूनही विंडोज ती आपणहून दुरुस्त करायला कचरतं.

मग मी सहज विचारलं की काका, सुरू करताना काळ्या स्क्रीनवर काही येतं का हो? "ते होय? ते दोन महिन्यांपासून येतंय. एफ वन दाबा म्हणतं, मी दाबतो, जातं."

दोन महिने!! रोज सकाळी यंत्र सांगतंय की माझा सेल संपलाय आणि हा माणूस रोज एफ वन दाबून त्याला गप्प करतोय.

पण काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत हे एक बरं. स्क्रीनला घाबरतात, स्क्रू-ड्रायव्हरला नाही. घड्याळाच्या दुकानातून चाळीस रुपयांत सेल आणला, व्हिडिओ कॉलवर मी आणि फोन धरायला काकू. आधी बटण बंद, मागची वायर काढली, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते, मग मागचे दोन स्क्रू काढून डाव्या बाजूचा पत्रा सरकवला. आत इतकी धूळ की काकूंनी फोन तसाच ठेवून फडकं आणायला धाव घेतली आणि मला पाच मिनिटं फक्त सीलिंग फॅन दिसत होता. सेलच्या कडेला एक छोटी पट्टी असते, ती नखानं बाहेर दाबली की सेल टुणकन वर येतो, नवीन टाकताना अधिकचं चिन्ह वर ठेवायचं, एवढंच. पत्रा लावला, सुरू केल्यावर एकदा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन तारीख भरली, झालं. आठशे वाचले म्हणून काकूंनी भडंग पाठवलं.

हे सगळं एवढं रंगवून सांगायचं कारण म्हणजे मला जे मेसेज येतात त्यातले निम्मे असेच असतात. "पीसी चालत नाही, प्लीज हेल्प." आता मी ह्याच्यावर काय सांगणार? डॉक्टरकडे जाऊन नुसतं "बरं वाटत नाही" म्हणून गप्प बसतो का आपण? कुठं दुखतंय, कधीपासून, काल काय खाल्लं, हे सांगतोच ना. तसंच इथं पण. स्क्रीनवर काय लिहिलंय, शब्दशः. शेवटचं नीट कधी चाललं होतं. मधे काय बदललं. आणि फोटो काढा हो, सगळ्यांच्या हातात कॅमेरा आहे आता.

माझ्या मावसबहिणीचा किस्सा ह्याच्या उलट. ती नीट सांगते, पण तिला स्वतःलाच माहीत नसतं की यंत्र काय करतंय. लॅपटॉपचा कॅमेरा मीटिंगमध्ये सुरूच होईना, मधेच वायफायचं चिन्ह गायब, सगळं विचित्र. रिस्टार्ट केलास का? "दादा, मी रोज शटडाऊन करते, शपथ." मी म्हणलं कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि खाली अप टाइम लिहिलंय तिथला पहिला आकडा वाच. ४१. म्हणजे एक्केचाळीस दिवस!! ती म्हणे शक्यच नाही.

शक्य आहे, आणि ती खोटं पण बोलत नव्हती. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची एक गोष्ट आलीय. शटडाऊन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात पण विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलून परत मांडला जातो, म्हणून लवकर सुरू होतो. कालचा पसारा आज तसाच. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं खरोखर नव्यानं सुरू होतं. म्हणजे "बंद करून चालू कर" आणि "रिस्टार्ट कर" हे दोन वेगळे सल्ले आहेत, आणि कित्येक वर्षं मी पण ते एकच समजून लोकांना सांगत होतो, असो. तिनं रिस्टार्ट केलं, कॅमेरा आला. ज्यांना नकोच असेल त्यांनी कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात पॉवर बटणाच्या सेटिंगमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची टिक काढून टाकावी.

आता पावसाळी केस. रत्नागिरीला सासुरवाडीचा जुना डेस्कटॉप दर जुलैमध्ये रुसतो. पंखा फिरतो, दिवा लागतो, स्क्रीन काळी. अशा वेळी पहिली परीक्षा कीबोर्डवर करायची, कॅप्स लॉक दाबा, त्याचा दिवा लागतोय-विझतोय का? लागत असेल तर आत जीव आहे, दोष बहुतेक मॉनिटर नाहीतर केबलचा, ती काढून परत घट्ट बसवा. (ग्राफिक कार्ड असेल तर केबल कार्डलाच लावायची, वर मदरबोर्डला नाही, ही चूक मी स्वतः केलीय आणि अर्धा रविवार घालवलाय.) कॅप्स लॉक ढिम्म असेल आणि आतून पिप-पिप आवाज येत असेल तर तिथं रॅमवर, म्हणजे मदरबोर्डवर खोचलेल्या मेमरीच्या पट्टीवर, संशय घ्यायचा. दमट हवेनं रॅमच्या सोनेरी पट्टीवर पुटं चढतात. वीज पूर्ण काढायची, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची, रॅम काढायची आणि मुलांच्या दप्तरातलं साधं खोडरबर त्या सोनेरी पट्टीवर हलकेच घासायचं, काळं निघतं बघा. भुगा ब्रशनं झाडायचा, तोंडानं फुंकायचं नाही, थुंकी उडते. बसवताना दोन्ही टोकांना टक असा आवाज आला पाहिजे, जावयाला भीती वाटते म्हणून हळू दाबलं तर ती अर्धवट बसते आणि परत काळी स्क्रीन. गेल्या वर्षी रॅम नीट बसवली, सुरू पण झालं, आणि मग दिसलं की डीव्हीडी ड्राईव्हच्या मागे पालीची दोन अंडी आहेत. सासूबाई म्हणाल्या राहू देत.

"स्लो झालाय" ह्या तक्रारीवर मी आता वाद घालत नाही. त्याच टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना बघा, काहीही करत नसताना जर १०० टक्के दिसत असेल आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर रॅम क्लिनर वगैरे टाकू नका, ते स्वतःच कचरा असतात. एसएसडी टाका, म्हणजे न फिरणारी, चिपवाली डिस्क. आठ-दहा वर्षांचं मशीन सुद्धा परत माणसात येतं. फक्त एक, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, आणि ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते जी बऱ्याच जुन्या मशीनमध्ये नाही, तेव्हा पैसे घालायच्या आधी हे बघून घ्या. आणि हार्ड डिस्क टक-टक आवाज करत असेल तर ह्यातलं काहीच करू नका, बंद करा, फोटो महत्त्वाचे असतील तर डेटा काढून देणाऱ्याकडे जा. प्रत्येक वेळी "बघू चालतंय का" म्हणून सुरू करणं म्हणजे मोडलेल्या पायावर पळणं.

सोसायटीच्या सेक्रेटरींची तक्रार मात्र खास आपलीच. जुन्या नोटिसांच्या फायली नवीन लॅपटॉपवर उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलर. "फाईल करप्ट झाली हो सगळी, वीस वर्षांचं रेकॉर्ड." काही करप्ट नाही झालेलं. पूर्वी श्रीलिपी, कृतिदेव असले फॉन्ट वापरायचो ना, त्यात आतून इंग्रजी अक्षरंच साठवलेली असायची, फक्त त्यांचे चेहरे मराठी. फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. तोच फॉन्ट टाकला की मराठी जागच्या जागी. मग सवडीनं कन्व्हर्टरमधून युनिकोड, म्हणजे खास फॉन्टशिवाय दिसणारं मराठी, करून घ्यायचं, पण करून झालं की जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, नाहीतर सर्वसाधारण सभेच्या जागी भलतंच काहीतरी छापून नोटीस बोर्डावर लागायचं.

आणि आता, इतका वेळ "स्क्रीनवरचं वाचा" म्हणून तुमच्या मागे लागलोय तर हेही सांगतो की एका प्रकारचं वाचलं तरी ऐकायचं नाही. लाल स्क्रीन, सायरन, तुमच्या कम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडलेत, ह्या नंबरवर ताबडतोब फोन करा. खरी एरर रुक्ष असते, सरकारी पत्रासारखी. मायक्रोसॉफ्टच्या एररमध्ये फोन नंबर नसतोच, कधीच. बहुतेक वेळा आपणच कुठल्या तरी साइटला घाईत "अलाऊ" केलेलं असतं आणि त्या नोटिफिकेशन येत राहतात, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी काढून अनोळखी नावं उडवली की शांतता. स्क्रीन पूर्ण अडकली तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. फोन केलाच असेल आणि समोरच्यानं स्क्रीन शेअर करायचं अॅप टाकायला लावलं असेल तर आधी नेट तोडा, पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा, लाज वाटून दोन दिवस थांबू नका.

हां, आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणून दोन-तीन जणांनी विचारलं होतं. ते अर्थिंग नाही म्हणून. तीन पिनच्या सॉकेटमधली तिसरी वायर कित्येक जुन्या घरांत कुठंच जोडलेली नसते, नुसतं शोभेचं भोक. ते वायरमनचं काम आहे, पायात चपला घालून बसणं हा उपाय नव्हे. तसंच तो पॉवर सप्लायचा डबा, एसएमपीएस म्हणतात तो, त्याचं झाकण घरी उघडायचं नाही म्हणजे नाही, वायर काढल्यावर सुद्धा आत वीज साठून राहते.

हे लिहीत असतानाच काकांचा फोन आला. मी म्हणलं काय मेलं आता? "मेलं नाही रे. शेजारच्या जोशांचा कम्प्युटर बघायला आलोय, ते म्हणतायत चालत नाही." मग? "मग काय, त्यांना म्हणलं आधी चष्मा घेऊन या."