रामबागेतली तरसं

आमचा स्टुडिओ म्हणजे इंदूरच्या रामबागेत एका जुन्या घराची वरची खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडकीला जाड पडदा. तिथे मी मराठी निवेदनं लिहिते आणि वाचतेही. बहुतेक कामं बियाण्यांच्या नाहीतर पतपेढ्यांच्या जाहिरातींची. त्या दिवशी मात्र आफ्रिकेतल्या सिंह-तरसांच्या वैरावरचा माहितीपट होता. हिंदीवरून मराठी करायचा, तोही संध्याकाळपर्यंत.

दुपारी एसी बसला. रेकॉर्डिस्टने खिडकी उघडली आणि तरसांच्या आवाजाचा ट्रॅक स्पीकरवर लावला. चित्र न बघता ते 'हसणं' ऐकलं की पाठीवर काटा येतो. पाच मिनिटांत खालचे काका जिना चढून आले. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले.

"अगं, झोपू द्याल का कुणाला? काकूला वाटलं, कुणाचं लेकरू विव्हळतंय!"

आणि पडद्याकडे नजर गेली तसे बसलेच.

दृश्य टांझानियातल्या न्गोरोंगोरोचं, पहाटेचं. दोन सिंह झेब्र्यावर ताव मारताहेत, भोवती दहा-बारा ठिपकेवाली तरसं घुटमळताहेत. माझी ओळ होती, 'राजाच्या ताटावर टपलेली लुटारू टोळी.' लिहिली तेव्हा मी स्वतःवरच खूश होते.

"थांबव जरा. तरसांच्या गळ्याकडे बघ."

रेकॉर्डिस्टने चित्र मोठं केलं. तीन तरसांचा जबडा, गळा, पार छातीपर्यंतचे केस रक्ताने माखून वाळले होते, कडक, काळपट. सिंहांच्या आयाळी मात्र कोरड्या. नुसत्या ओठांशी ओला लाल रंग.

"महाराज आत्ता पंगतीला बसलेत," काका म्हणाले. "स्वयंपाक कुणी केला?"

मग त्यांनी हान्स क्रूकची गोष्ट सांगितली. या डच शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात तिथे रात्र-रात्र गाडीतून तरसांचा पाठलाग केला. न्गोरोंगोरोतली तरसं बहुतेक खाणं स्वतः मारून मिळवतात आणि पुष्कळदा सिंहच ते हिसकावतात, हे त्यातून समोर आलं. शिकार होते अंधारात, माणसं बघतात उजाडल्यावर. तरसांचा गलका ऐकून सिंह नेमके पोचतात. आणि ते हसणं? हसणं नव्हेच. मागे लागलेल्याला बघून दबलेल्या तरसाची ती चिरकी ओरड असते.

"म्हणजे सिंह चोर?" मला नवा खलनायक सापडला होता.

"तू तर लगेच पार्टी बदललीस! बोट्स्वानात सावुतीला उलटंही पाहिलंय. एका सिंहिणीमागे चारेक तरसं जमली आणि नर जवळपास नसला, की सिंहिणींना शिकार सोडावी लागते."

नर आला की मात्र डाव फिरतो. तो पावणेदोनशे-एकशेनव्वद किलोचा, तरस पन्नास-साठाचं. शिवाय तरसांत मादी नराहून मोठी, आणि कळपात तिचीच सत्ता. सिंह तरसाला गाठून मारतो आणि बऱ्याचदा खातही नाही, तसाच टाकून जातो. संधी मिळाली की दोघंही एकमेकांची पिल्लं मारतात. आपल्याकडचं पट्टेवालं तरस या भानगडीत नाही. ते बिचारं बहुधा एकटंच फिरतं, मेलेल्या जनावराची हाडं फोडतं आणि आवाजही फारसा करत नाही.

तासाभरात चौदा ओळी बदलल्या. काम देणाऱ्यांना फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, सिंहाला असं दाखवलं तर लोक चिडतील. थरार राहू द्या." बरीच घासाघीस झाली. 'लुटारू' गेला, 'टपलेली टोळी' राहिली. तिच्याआधी 'अंधारात धावून झेब्रा पाडलेली' एवढं मी घुसवलं आणि फोन ठेवला.

रिटेक सुरू झाला तरी काका उठेनात. शेवटी खालून काकूंची हाक आली, "अहो, त्यांना गप्प करायला गेला होतात ना?"