काढून टाकलेली चार कडवी

१ ऑक्टोबर

दसऱ्यासाठी बल्लारपूरला आले. घरी येताना ऑटोत बसल्या बसल्या कानात तेच गाणं लावलं, कारण तारीख लक्षात होती. १ ऑक्टोबर १९६९. नॅशव्हिलजवळच्या माउंट ज्युलिएटमध्ये ओवेन ब्रॅडली या निर्मात्याचा स्टुडिओ होता, एका जुन्या कोठारात थाटलेला. तिथे त्या दिवशी लोरेटा लिन या अमेरिकन गायिकेने 'कोल मायनर्स डॉटर' रेकॉर्ड केलं. खाण कामगाराची मुलगी.

हे गाणं मी पहिल्यांदा ऐकलं नागपूरच्या वसतिगृहात, कुणाच्या तरी एमपीथ्री सीडीवर. वीस वर्षांची होते. तिचे केंटकीच्या डोंगराळ भागातले उच्चार, त्यातले निम्मे कळत नव्हते. पण बाप रात्रभर खाणीत आणि दिवसभर मक्याच्या शेतात, आई कपडे घासता घासता बोटांतून रक्त येईस्तोवर राबणारी, हे कळलं. मग मी गाणं थांबवलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. तोवर कुणी 'वडील काय करतात?' असं विचारलं की मी 'कंपनीत आहेत' म्हणायचे. त्या दिवसानंतर 'खदानीत आहेत' असं सांगायला लागले. एका गाण्याने माझ्यासाठी एवढं केलं आहे.

बाबा ओसरीवर बसले होते. खोकला वाढलाय. मी विचारलं तर म्हणाले, "काही नाही व्हत, धूळ आहे आतमधी, निंगन तवा निंगन."

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी पूजा, दुपारी पुरणपोळी, संध्याकाळी सोनं वाटून झालं. आता सगळे निजलेत. लोरेटाबद्दल इतकी वर्षं मनात साठवलं, ते एकदा नीट लिहून काढावं म्हणते.

जन्म १९३२, केंटकी राज्यातलं बुचर हॉलो. जवळच व्हॅन लिअर ही कोळसा खाणीची वसाहत. आठ भावंडांत ही दुसरी. आईने झोपडीच्या भिंतींना मासिकांची पानं डकवली होती आणि त्यावरच्या लोरेटा यंग या नटीवरून हिचं नाव ठेवलं. पंधराव्या वर्षी लग्न झालं, नवऱ्यामागून देशाच्या दुसऱ्या टोकाला वॉशिंग्टन राज्यात गेली आणि विशीच्या आत चार मुलं झाली. नवऱ्याला सगळे मूनी म्हणत. त्याने तिला १७ डॉलरची गिटार आणून दिली. शिकवायला कुणी नव्हतं. मुलं झोपली की ती एकटीच तारा छेडत बसायची.

नवरा दारू पिणारा, बाहेरख्याली. तिने ते लपवलं नाही, त्याच्यावर गाणी केली. पण पहिल्या रेकॉर्डच्या वेळी तोच माणूस जे वागला, तेही खरं आहे. फेब्रुवारी १९६० मध्ये लॉस एंजेलिसला 'झीरो' नावाच्या एका चिमुकल्या कंपनीसाठी ती गायली. कंपनीकडे रेकॉर्ड दुकानांपर्यंत पोचवायची काही सोय नव्हती. मग या दोघांनी रेकॉर्ड गाडीत घातल्या आणि निघाले. रस्त्यात कुठेही रेडिओचा मनोरा दिसला की गाडी थांबवायची, आत जायचं, आणि निवेदकाला रेकॉर्ड लावायची विनंती करायची. झोपायचं गाडीत, खायचं चीज-ब्रेड. त्या उन्हाळ्यात ते गाणं देशभरच्या कंट्री, म्हणजे तिकडच्या गावाकडच्या ढंगाच्या, गाण्यांच्या यादीत चौदाव्या क्रमांकावर गेलं.

हे वाचलं की मला तिचा बाप आठवतो. टेड वेब १९५९ मध्ये गेला, वयाची साठीही न गाठता. छातीत खाणीची धूळ भरलेली. मुलीचा आवाज तबकडीवर उमटायच्या एकच वर्ष आधी. जे गाणं जगाने ऐकलं, ते ज्याच्यावर आहे त्याने कधीच ऐकलं नाही. मला हे आजही सहन होत नाही.

डेक्का या रेकॉर्ड कंपनीत ती कशी शिरली, तेही ऐकण्यासारखं. ब्रॅडलीला तिने गायलेलं एक नमुना गाणं आवडलं, पण गाणं त्याला ब्रेंडा ली या गायिकेसाठी हवं होतं, ही नको होती. गाणं ज्यांच्या ताब्यात होतं ते विल्बर्न बंधू म्हणाले, गाणं पाहिजे तर या बाईलाही घ्या. गाण्यावरची वरकड म्हणून घेतलेली बाई. पुढे त्याच ब्रॅडलीने वर्षानुवर्षं तिच्या रेकॉर्ड केल्या.

नॅशव्हिलमधलं काम फार झपाझप चालायचं. तीन तासांचं एक सत्र आणि त्यात तीन-चार गाणी. वादक स्वरलिपी मांडून बसत नाहीत. कॉर्डना, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांना, आकडे देतात: एक, चार, पाच. गाणाऱ्याची पट्टी बदलली तरी आकडे तेच राहतात. आपल्याकडे पेटीवाला काळी दोन धरो की पांढरी पाच, सा हा साच असतो, तसंच काहीसं. लोरेटाला तर लिहिलेलं संगीत वाचताच यायचं नाही. तरी त्या घड्याळ लावलेल्या खोलीत ती गेली आणि तिने आपल्या घरातलं सगळं उघडं केलं. एका कार्यक्रमाआधी एक बाई रडत तिच्याकडे आली. नवऱ्याने दुसऱ्या बाईला सोबत आणलं होतं, पहिल्या रांगेत बसवलं होतं. लोरेटाने मेकअपच्या खोलीतच 'यू एन्ट वुमन इनफ' लिहून टाकलं. १९६६ साली ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्यानंतर बहीण पेगी स्यूबरोबर लिहिलेलं, पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्याला दार बंद करणारं गाणं तिचं पहिलं अव्वल गाणं ठरलं. १९७२ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातल्या सर्वोत्तम कलावंताचा सन्मान मिळवणारी ती पहिली स्त्री झाली.

गर्भनिरोधक गोळीवरच्या गाण्याबद्दल सगळेच लिहितात, म्हणून मी थोडक्यात लिहिते. ते तिने लिहिलेलं नव्हतं. १९७२ मध्ये रेकॉर्ड झालं, कंपनीने १९७५ पर्यंत दाबून ठेवलं. कित्येक रेडिओ केंद्रांनी वाजवायला नकार दिला, तरी पाचव्या क्रमांकावर गेलं. ते गाणाऱ्या बाईला सहा मुलं होती. बास.

३ ऑक्टोबर

आज मन अडकलंय ते चार कडव्यांत.

ती सांगायची की 'कोल मायनर्स डॉटर' मुळात दहा कडव्यांचं होतं. ब्रॅडली म्हणाला, फार लांबतंय, चार काढ. तिने काढली. ती पुन्हा कुठे मिळाली नाहीत. उरलेलं गाणं तीन मिनिटांचं. तेही वर्षभर पडून राहिलं, १९७० च्या ऑक्टोबरात बाजारात आलं आणि पहिल्या क्रमांकावर गेलं.

ब्रॅडली चुकला का? माझं उत्तर वर्षागणिक बदलत आलंय. तिशीत मला त्याचा राग यायचा. आज वाटतं, रेकॉर्ड करणारा माणूस म्हणून तो बरोबर होता. त्या गाण्यात फुकटचं एक वाक्य नाही. हिवाळ्यात डुक्कर विकून आलेल्या पैशातून मुलांचे बूट, रॉकेलच्या दिव्याखाली बायबल वाचणारी आई, आणि मधूनच पट्टी वर सरकते, जणू सांगणारी मुलगी खुर्चीवरून उठून उभी राहिली. दहा कडव्यांत हे एवढं घट्ट राहिलं नसतं. पण तरी ती चार कडवी होती. त्यात टेड वेबच्या आयुष्यातल्या चार गोष्टी होत्या. त्या गेल्या, आणि त्या कोणत्या हे आता विचारायला कुणीच उरलं नाही.

याहून मोठी काट तिच्या वाट्याला पुढे आली. कारकिर्दीच्या सुरुवातीला तिने केलेल्या एका करारामुळे ती जे काही लिहील त्याचे प्रकाशन हक्क दुसऱ्यांकडे जायचे. त्यांच्याशी संबंध तुटले, कोर्टकचेऱ्या झाल्या. मग तिने लिहिणंच जवळजवळ बंद केलं. आपलं लिहिलेलं दुसऱ्याच्या पेटीत पडण्यापेक्षा पोटातच ठेवलेलं बरं. गाणी येत राहिली, कॉनवे ट्विटी या गायकाबरोबरची ओळीने पाच युगुलगीतं अव्वल ठरली, नाव गाजत राहिलं. पण शब्द बहुतेक दुसऱ्यांचे. त्या वर्षांतल्या तिच्या रेकॉर्ड मी ऐकते तेव्हा आवाजात खोट सापडत नाही. फक्त घर भाड्याचं वाटतं.

म्हणून २००४ मधला 'व्हॅन लिअर रोझ' माझ्यासाठी तिचा सगळ्यात मोठा अल्बम. ती ७२ वर्षांची. निर्माता जॅक व्हाइट, तिच्या नातवाच्या वयाचा, रॉक वाजवणारा. तेराच्या तेरा गाण्यांवर लेखिका म्हणून तिचं नाव. पहिल्याच गाण्यात पुन्हा आई आणि बाप, खाणवस्तीतली देखणी पोर आणि तिच्यावर जीव जडलेला गडी. एका ठिकाणी ती गातही नाही, लहानपणीच्या आजारपणाची आणि एका लाल बुटांच्या जोडीची गोष्ट नुसती सांगते. व्हाइटने ते बोलणं टेपवर धरलं आणि त्याच्याखाली वाद्यं घातली. मध्येच ती अडखळते, हसते. ब्रॅडलीच्या हाताखाली हे कापलं गेलं असतं. इथे ते राहिलं. या अल्बमला ग्रॅमी मिळालं, पण मला त्या हसण्याचंच जास्त वाटतं.

दुपारी आई कपडे धूत होती. मी सहज विचारलं, बाबांचे खदानीतले कपडे तू वेगळे धुवायचीस का? म्हणाली, "मंग? तीन पाणी तं काळंच निंगे. चौथ्या पाण्यात कुठं कपडा कोनत्या रंगाचा आहे ते दिसे." चाळीस वर्षांत हे मी विचारलं नव्हतं.

४ ऑक्टोबर

२०२२ मध्ये आजच्याच दिवशी ती गेली. टेनेसीतल्या हरिकेन मिल्सच्या घरी, झोपेत, नव्वदाव्या वर्षी.

मार्च २०२१ मध्ये तिचा शेवटचा अल्बम आला, 'स्टिल वुमन इनफ'. त्यात 'कोल मायनर्स डॉटर' पुन्हा आहे, पण ती ते गात नाही. नुसतं म्हणते, मागे तंतुवाद्य. बापाच्या खाणीचं वाक्य येतं तेव्हा ती ते वाक्य वाचत नाही, आठवत असते. काढलेली कडवी तिथेही नाहीत. मी दर वेळी वेड्यासारखी वाट बघते.

संध्याकाळी बाबांजवळ बसून त्यांना ते ऐकवलं. आधी १९७० चं, मग हे. एकेक ओळ थांबवून अर्थ सांगत गेले. बाबा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "पहिलं चांगलं आहे. पन दुसरं खरं आहे."

मी विचारलं, कसं कळलं?

मग ते जे बोलले ते जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करते. खाली गेल्यावर काम सुरू करायच्या आधी छत ठोकून बघायचं. हातात काठी किंवा सब्बल. ठोकलं आणि टणक, ठाण असा आवाज आला की छत पक्कं. ढोलासारखा, पोकळ आला की त्याच्याखाली उभं राहायचं नाही, आधी टेकू लावायचा. "तीस वर्षं मी कानानंच जगलो, बाई. डोळ्याला का दिसते तिथं? टोपीवरच्या बत्तीचा उजेड हातभर. हे म्हातारी बोलून राहिली नं, तिचा आवाज पक्क्या छतासारखा आहे."

मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. त्यांनी फोनकडे पाहिलं, मला वाटलं आता गप्प होतील. झाले नाहीत. उलट विचारलं, "तिचा बाप कोन्त्या पाळीत होता?" रात्रपाळी, मी म्हटलं. ते हसले. "मंग त्याचा बिल्ला रात्रीच्या फळीवर लागत असन."

कसला बिल्ला?

पितळेचा, गोल, मधे भोक. बत्तीघरात बिल्ला द्यायचा आणि बत्ती घ्यायची. वर आलं की बत्ती द्यायची, बिल्ला परत घ्यायचा. पाळी सुटल्यावर फळीवर एखादा बिल्ला लटकलेला दिसला, की तो माणूस अजून खाली आहे. आई म्हणाली, एकदा फळीवर यांचा बिल्ला दोन तास जास्त राहिला होता, शेजारच्यांनी येऊन सांगितलं, ती तान्ह्या मला काखेत घेऊन फाटकापर्यंत धावत गेली होती. मला हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं. बाबा म्हणाले, "सांगाचं का त्यात? आलो नं वर."

नंबर काय होता तुमचा?

जराही थांबले नाहीत. "तीनशे सतरा."

रेकॉर्डिंग ४१ मिनिटांचं झालंय. त्यात खोकला आहे, मधे दूधवाल्याची हाक आहे, आईचं कुकरची शिट्टी मोजणं आहे. काहीही कापलेलं नाही. उद्या बसून सगळं वहीत उतरवणार आहे. पहिल्या पानावर नंबर आत्ताच लिहून ठेवला: ३१७.