तुम्ही विचारलंत म्हणून : ते एक कपाट

घरी कोणी पहिल्यांदा आलं की दोन प्रश्न ठरलेले. पहिला बाहेरच्या खोलीत, "किती कमी सामान आहे तुमच्याकडे, कसं जमवता हो?" आणि दुसरा आतल्या खोलीत, तिथलं कपाट दिसल्यावर. दिसतंच ते, कारण त्याचं दार पूर्ण लागत नाही आणि फटीतून बाटल्यांची झाकणं, सुतळीचे गुंडे, घड्या घातलेल्या पिशव्या असं काय काय डोकावत असतं. "मग हे का असं?" कोणी हसत विचारतं, कोणी चोर पकडल्यासारखं विचारतं. परवा तर एक मैत्रीण सरळ म्हणाली, "दुसऱ्यांना पसारा आवरायला शिकवतेस आणि स्वतःच्या घरात हे भंगार?" इतकी वर्षं हसण्यावारी नेलं, आता एकदा लिहूनच टाकते, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं वाचायला देता येईल.

ते कपाट सासूबाईंचं आहे. आणि हे सांगितल्यावर लोक जे हसतात ना, "अच्छाऽ, सासूबाई!" असं, त्या हसण्याचा मला खरा राग आहे. त्यात मी शहाणी आणि त्या खुळ्या असं धरूनच चाललेलं असतं. सात वर्षांपूर्वी मीही तसंच धरून चालले होते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन मोकळी होते. कमी सामान कसं जमतं, तर काही विशेष नाही. एक वस्तू आली की त्याच जातीची एक जाते, काही आवडलं तर महिनाभर नुसतं यादीत लिहून ठेवायचं, आणि बहुतेक वेळा महिन्याने ते का हवं होतं हेच आठवत नाही. झालं. यात तपश्चर्या वगैरे काही नाही. उलट मला घेण्यापेक्षा टाकण्यात जास्त मजा येते, आणि हे मी गुण म्हणून सांगत नाहीये.

तर सात वर्षांपूर्वी मला आवराआवरीचा झटका आला होता. झटकाच म्हणायचा तो. रोज एक खण, रविवारी माळा. त्याबद्दल जे हाती लागेल ते वाचायचे आणि जेवताना सगळ्यांना ऐकवायचे. न्यूयॉर्कच्या कॉलियर बंधूंची गोष्ट माझी फार लाडकी होती. दोघे भाऊ, घर छतापर्यंत सामानाने भरलेलं, 1947 मधे एक भाऊ त्या ढिगाखाली दबून मेला आणि दुसरा, जो आंधळा होता आणि ज्याला जागचं हलताही येत नव्हतं, तो खायला द्यायला कोणी नाही म्हणून उपाशी गेला, आणि नंतर त्या घरातून 100 टनांहून जास्त सामान निघालं, त्यात पियानोच 14. हे सांगताना मी सासूबाईंकडे बघायचे. बघायचेच, कबूल करते. त्या म्हणायच्या, "बाई गं, चौदा पियानो!" आणि शांतपणे पार्सलच्या दोरीची गाठ नखाने सोडवत बसायच्या, कारण त्यांनी आयुष्यात कधी दोरी कापलेली नाही, सोडवलेली आहे.

मग त्या 15 दिवस नणंदेकडे गेल्या. मी नवऱ्याला म्हटलं, आईंची खोली लावून ठेवू, येतील तेव्हा सरप्राईज. तो म्हणाला, "आधी विचार तरी त्यांना." मी म्हटलं, "विचारलं तर त्या नाहीच म्हणतील." हे माझं वाक्य मी नंतर किती वेळा मनातल्या मनात ऐकलंय. नाही म्हणणार हे माहीत होतं, म्हणजे उत्तर माहीत होतं, म्हणजे खरं तर विचारून झालं होतं आणि त्या नाही म्हणाल्या होत्या. तरी मी केलं.

तीन दिवस लागले. 40 तरी रिकाम्या बाटल्या, त्यातल्या निम्म्यांना झाकण नाही, आणि झाकणांची वेगळी पिशवी ज्यातलं एकही झाकण त्या बाटल्यांना बसत नाही (असं तेव्हा मला वाटलं, प्रत्येक लावून कुठे बघितलं होतं). जुन्या सुती कपड्यांचे चौकोनी तुकडे, एकावर एक रचलेले. पडद्यांचे हूक. तीन पत्र्याचे डबे, एकात बटणं, एकात स्क्रू-वॉशर-किल्ल्या, एकात दोऱ्याची संपत आलेली रिळं. दोन-तीन फेऱ्यांत सगळं घराबाहेर. फळ्या पुसल्या, एकसारखे पारदर्शक डबे आणून ठेवले, त्यांना लेबलं लावली आणि फोटो काढला. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. खूप जणांना पाठवले मी ते.

सासूबाई आल्या, खोलीत गेल्या, बाहेर येऊन म्हणाल्या, "छान केलंस गं. उजेड आला." भांडण नाही, रुसवा नाही, काही नाही. मी नवऱ्याकडे बघितलं, बघ, उगाच घाबरत होतास, अशा नजरेने.

चारेक दिवसांनी मी ओट्याशी होते, तर त्या दारात उभ्या, हातात एक रिकामी बाटली. धुतलेली, पुसलेली. "ही ठेवू का गं, का टाकायची?" मी म्हटलं, ठेवा की. दुसऱ्या दिवशी रबरबँड. "हे चालेल ठेवलं तर?" मग दोरी. मग एक खोका. रोज एक काहीतरी, रोज तोच प्रश्न. टोमणा असता ना, तर मी पुरून उरले असते, टोमण्याला उत्तर देता येतं. पण तो टोमणा नव्हता, मी खूप शोधला त्यात, नव्हता. माझ्या जन्माच्या आधीपासून घर चालवणारी 74 वर्षांची बाई एक रबरबँड ठेवायला माझी परवानगी मागत होती आणि तिला ती खरंच हवी होती.

मग एकदम विचारणं थांबलं. मला वाटलं, सवय झाली. एक दिवस चादर बदलायला त्यांच्या अंथरुणाची गादी उचलली तर खाली कागदाची पुडी. तीन बटणं, एक हूक, हातभर सुतळी आणि चारदा घडी घातलेली प्लास्टिकची पिशवी. लपवलेली. मुलं जशी काही लपवतात तशी.

मी ती पुडी होती तशी ठेवली, गादी घातली आणि त्या दिवशी चादर बदललीच नाही. रात्री गेले त्यांच्याकडे. म्हटलं, आई, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, "अगं वस्तूंचं काय एवढं." मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाल्या, "त्या डब्यात कात्रीचा स्क्रू होता. कात्री ढिली झालीये, तेवढंच." 

आता इथे लोक म्हणतात, एवढं काय, कात्री नवीन घ्यायची. घेतली ना. तेच तर सांगतेय. पुढच्या चार-सहा महिन्यांत मी कात्री घेतली, पडद्याचे हूक घेतले, सहा बटणांचं पाकीट घेतलं एका बटणासाठी, पुसायची फडकी विकत आणली. फडकी! घरात जुने कपडे असताना. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की मला लोक काटकसरी म्हणतात आणि मी काटकसरी नाहीच आहे. मी नीटनेटकी आहे. माझं सामान कमी आहे कारण ते मी दुकानात ठेवलंय, लागलं की पैसे देऊन काढून आणते. ज्याला परत विकत घेता येईल याची खात्री असते त्यालाच "लागेल तेव्हा बघू" म्हणणं परवडतं. सासूबाईंच्या आयुष्यात ती खात्री फार उशिरा आली आणि आली तरी त्यांचा तिच्यावर विश्वास बसला नाही, आणि बसायला हवा होता असं मला आता छातीठोकपणे म्हणता येत नाही.

आणि काटकसर काय असते ते त्यांनीच दाखवलं मला. चादर नेहमी मधे विरते, कडा धडधाकट असतात. मी अशी चादर टाकायचे. त्यांनी ती मधून उभी फाडली, बाहेरच्या दोन्ही कडा मधे आणून जोडल्या, दंड घातला, विरलेला भाग गादीखाली खोचायच्या बाजूला गेला. अजून वापरतोय आम्ही ती. मधे शिवण लागते पाठीला, पहिले दोन दिवस. फ्रीज नीट थंड करेना तेव्हा मी नवीन फ्रीज बघायला लागले होते, त्यांनी दारात कागदाचा तुकडा धरून दार लावलं आणि ओढला, तो सहज निघून आला, म्हणजे दाराचं रबर ढिलं. रबर बदललं, फ्रीज चालू आहे.

पण थांबा, मी काही पूर्ण पलटी मारलेली नाहीये. "असू दे, लागेल कधीतरी" हेही नेहमी खरं नसतं. त्यांच्या खणात बिलांचा गठ्ठा होता, वॉरंटीसाठी जपलेला, आणि त्यातली निम्मी बिलं कोरी. ती बिलं थर्मल कागदावर असतात, त्यात शाई नसतेच, कागदावरचा थर उष्णतेने काळा होतो तीच अक्षरं, आणि उजेडाने, उष्णतेने, हाताच्या तेलाने ती विरत जातात. एक चांगला बूटजोड होता, खास प्रसंगी घालायला ठेवलेला, खोक्यात, कागदात गुंडाळून. काढला तर तळवा हातात चुरा होऊन आला. पॉलियुरेथेनचे, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचे, तळवे हवेतल्या ओलाव्याने आतून तुटत जातात, पायात न घालताही. घड्याळात विसरलेले सेल फुटून पांढरी बुरशी आल्यासारखं झालं होतं, घड्याळही गेलं. म्हणजे जपून ठेवणं म्हणजे वाचवणं असंही नाही, काही वस्तू जपल्यानेच वाया जातात. हे मी त्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग वापरायला हवे होते बूट." बरोबर आहे. मीही तेच म्हणतेय. पण ते बूट मी टाकले याचा मला काडीचा पश्चात्ताप नाही.

आणि असं साठवून ठेवणं हा आजार आहे का, तो मुद्दा. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मधे सामान साठवत राहण्याच्या विकाराची वेगळी नोंद केली, आणि मी तेव्हा ते वाचून मनातल्या मनात निदान करून मोकळी झाले होते. नीट वाचलं असतं तर कळलं असतं की तिथे एक महत्त्वाची अट ही की सामानामुळे राहत्या खोल्या वापरताच येत नाहीत. आमच्याकडे एक खण लागत नव्हता. आणि सासूबाईंना अंधारात हात घालून हवं ते झाकण काढता यायचं, मला माझ्या लेबल लावलेल्या डब्यांत चार्जर सापडत नाही.

अजून एक. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1990 मधे छापून आलेला कॉफीच्या मगचा प्रयोग मी तेव्हा सगळ्यांना ऐकवायचे. काही विद्यार्थ्यांना साधे मग दिले, काहींना नाही दिले, आणि नंतर ते विकायला-घ्यायला सांगितले, तर ज्यांच्याकडे मग होता ते घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट किंमत मागायला लागले. पाच मिनिटांपूर्वी मिळालेला मग! बघा, वस्तू आपली झाली की आपण कसे वेडे होतो, असं मी म्हणायचे. आता मला वाटतं माझाही मग आहे. माझा मग म्हणजे ती रिकामी फळी. तिच्यावर कोणी काही ठेवलं की माझ्या पोटात खड्डा पडतो. कोणी काही ठेवलं तर बिघडतं काय? काही नाही. मला चालत नाही, एवढंच.

तर ते कपाट. त्या रात्रीनंतर आतल्या खोलीतलं एक कपाट पूर्ण रिकामं केलं, माझे कपडे होते त्यात, आणि त्यांना म्हटलं हे तुमचं, मी उघडणार नाही, झाडणार नाही, विचारणार नाही. सात वर्षांत उघडलेलं नाही. दार लागत नाही तो माझा प्रश्न नाही. मला हे फार मोठ्या मनाचं वाटलं होतं तेव्हा. मग नवरा एकदा सहज म्हणाला, "आख्खं घर त्यांचं होतं, तू एक कपाट दिलंस." मी चिडले. अजून चिडलेली आहे, कारण घर सगळ्यांचं आहे, मलाही त्यात श्वास घ्यायचा असतो, आणि कारण तो बरोबर असावा.

पुडीचा विषय आमच्यात कधी निघाला नाही. गादीखाली मी पुन्हा बघितलेलं नाही.

गेल्या रविवारी सासूबाई बाहेरच्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "ती तुझी वरची फळी रिकामीच असते की गं. माझे खोके तिथे ठेवते." या वेळी 'ठेवू का' नव्हतं. मला बरं वाटलं ते ऐकून, खरंच वाटलं, आणि पोटात खड्डाही पडला. मी "बघते" म्हटलं.